केळापुरात माणूस शोधायचा तर

केळापूर तालुक्यातल्या नातेवाइकाचा पत्ता हरवला असेल, तर सुरुवात मतदार यादीपासून करा. 2008 च्या फेररचनेनंतर हा तालुका आर्णी विधानसभा मतदारसंघात येतो. यादी त्या नावाखाली पाहावी. यादीत वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि वयही असते, त्यामुळे एकाच नावाची दोन माणसे वेगळी ओळखता येतात.

शेती असेल तर महाभूलेख संकेतस्थळावर अमरावती विभाग, यवतमाळ जिल्हा, केळापूर तालुका आणि गाव निवडून नावाने सातबारा शोधा. सातबाऱ्यावर राहण्याचा पत्ता नसतो, पण फेरफार क्रमांक असतो. वारसाचा फेरफार काढला की मृत खातेदाराच्या मुलामुलींची, अगदी सासरी गेलेल्या लेकींचीही नावे हाती लागतात.

जुन्या पिढीसाठी कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. त्यासाठी पांढरकवड्याला, म्हणजे तालुक्याच्या मुख्यालयी, तहसील कार्यालयात चौकशी करून नकलेचा अर्ज द्यावा.

आणि पत्ता सापडला तरी थेट दारात जाऊ नका. आधी निरोप पाठवा. भेटायचे की नाही, हे त्या माणसाला ठरवू द्या.