तुराटीत कोंडलेली साखर

पौष-माघात लातूरच्या शिवारात तुरीची रास झाली, की भुसकट गुरांपुढे पडते. तुराट्यांना मात्र गुरे तोंड लावीत नाहीत, आणि नांदेडकडील पऱ्हाट्यांप्रमाणे त्याही बहुधा चुलीत जातात. वस्तुतः या काष्ठमय देठांतील सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज या शर्करेच्याच लांब साखळ्या होत. मग ती साखर हाती का लागत नाही?

वाड्याची भिंत चुन्यात पक्की करावी, त्याप्रमाणे निसर्गाने या साखळ्या लिग्निन नामक चिवट द्रव्यात सांधलेल्या असल्यामुळे, त्या तोडून शर्करा मोकळी करणारी विकरे आत पोहोचूच शकत नाहीत. नुसत्या पाण्याला लिग्निन दाद देत नाही. परंतु अल्कोहोल व पाणी यांच्या मिश्रणात तुराटीचा भुगा, किंचित आम्ल घालून, बंद पात्रात दाबाखाली सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, तर लिग्निनचे बंध तुटून ते द्रावणात उतरते, आणि मागे उरलेला सच्छिद्र लगदा विकरांना खुला होतो. पुढे त्या द्रावणात मुबलक पाणी मिसळले, की लिग्निन बऱ्याच शुद्ध स्वरूपात तळाशी बसते, व अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने परत मिळविता येते. ते जितके वाया जाईल तितका खर्च चढतो, आणि सारा हिशेब येथेच अडतो.

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर उभारलेला, भाताच्या पेंढ्यातील अशीच साखर आंबवून इथेनॉल करणारा पानिपतचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रार्पण झाला. तुराटीत पेंढ्याहून लिग्निन अधिक. म्हणून मराठवाड्यासाठी अल्कोहोल-पाण्याच्या द्रावकाचा हा मार्ग अगत्याने तपासावा, असे माझे स्पष्ट मत आहे.