गेडी

गेडी : बांबूच्या दोन काठ्यांना जमिनीपासून काही उंचीवर पाय ठेवण्यासाठी आधार बांधून तयार केलेले, चालण्याचे व खेळण्याचे साधन. प्रत्येक आधारावर एकेक पाऊल ठेवून, काठ्यांची वरची टोके हातांत धरून व हात आणि पाय एकाच वेळी उचलून गेडीवर चालतात. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या छत्तीसगढ व तेलंगणा राज्यांतील प्रदेशांत हा पावसाळी खेळ प्रचलित आहे. गेडी दिसण्यास साधी असली, तरी ती वापरणाऱ्याच्या उंचीला, वजनाला, चालीला व जमिनीला अनुरूप असावी लागते. एकाला सुखाने पेलणारी गेडी दुसऱ्याला पाडते. त्यामुळे गेडीची निवड हा या खेळातील कौशल्याचाच एक भाग ठरतो.

प्रदेश व काल : गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर व पूर्व भागांतील कोरची, कुरखेडा, धानोरा या तालुक्यांचा छत्तीसगढशी निकटचा संबंध आहे. छत्तीसगढमध्ये हरेली या कृषिसणाच्या दिवशी गेड्या तयार करतात. तेथील पौर्णिमान्त पंचांगानुसार ही श्रावणातील अमावास्या होय. महाराष्ट्रातील अमान्त पंचांगानुसार तीच आषाढ अमावास्या असून पूर्व विदर्भात ती जिवती या नावाने ओळखली जाते. तेव्हापासून पोळ्यापर्यंत, म्हणजे साधारणपणे संपूर्ण श्रावण महिना, गेडीचा काळ मानला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा व जिवती या तालुक्यांच्या दक्षिणेस असलेल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील गोंड वस्त्यांतही दोन अमावास्यांमधील हाच काळ गेडीचा असतो. तेलुगू भाषेत तिला मरुगोळ्ळु म्हणतात. पोळ्यानंतर गेड्या गावाबाहेर टाकण्याची अथवा पाण्यात सोडण्याची प्रथाही आढळते. या काळात वाटा चिखलाने भरलेल्या असतात व रोवणीची मोठी धांदल उरकत आलेली असते. गरज आणि सवड यांच्या या संयोगातून खेळाचा ऋतू निश्चित झाला असावा.

रचना : काठीवर ठरावीक उंचीवर एक खुंटी ठोकतात. बांबूचा एक तुकडा मधून चिरून, त्याची दोन अंगे काठीच्या दोन्ही बाजूंस येतील अशा रीतीने खुंटीवर बसवतात व दोरीने आवळून बांधतात. या आधाराला छत्तीसगढीत पउवा असे नाव आहे. त्यावर पावलाचा पुढचा भाग टेकतो व काठी अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये येते. बांधणीसाठी काथ्याची दोरी वापरतात. दोरी व बांबू यांच्या घर्षणातून चालताना करकर असा आवाज येतो आणि तो यावा अशी खेळणाऱ्याची इच्छा असते. मात्र आवाज येण्याइतकी ढिलाई आणि आधार सरकण्याइतकी ढिलाई यांतील अंतर थोडे असते. वनस्पतिजन्य धाग्यांची पीळदार दोरी भिजली की फुगते व आखडते. वाळल्यावर ती पुन्हा सैल पडते. म्हणून कालची घट्ट बांधणी आज तशीच असेल असे गृहीत न धरता, गेडीवर चढण्यापूर्वी आधार प्रत्येक वेळी हाताने दाबून पाहणे आवश्यक असते.

बांबूची निवड : या जिल्ह्यांतील जंगलांत मुख्यतः मानवेल ही बांबूची जाती आढळते. तिचे शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असे आहे. कोरड्या पानझडी जंगलात वाढलेल्या मानवेलीची काठी जाड भिंतीची, कित्येकदा जवळजवळ भरीव असते व ती गेडीस उत्तम ठरते. ओढ्याकाठच्या ओलसर जागी वाढणारा काटस बांबू अधिक जाड असला, तरी आतून पोकळ असतो. त्यामुळे तो मुठीत नीट मावत नाही आणि खुंटी ठोकताना चिरण्याचा संभव अधिक असतो.

बांबू एकाच पावसाळ्यात आपली पूर्ण उंची गाठतो, परंतु त्याच्या काष्ठाला बळकटी येण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. कोवळी काठी सरळ व हिरवीगार दिसते, पण वाळताना ती आकसते व खुंटी सैल होते. ऐन आषाढात कापलेल्या ओल्या काठीत हाच दोष राहतो. शिवाय पावसाळा हा नवे कोंब फुटण्याचा काळ असल्याने त्या वेळी बेटात कोयता चालविल्यास पुढील वर्षांच्या काठ्यांचे नुकसान होते. म्हणून हिवाळ्यात तोडलेली, सावलीत वाळविलेली, किडीची छिद्रे व उभ्या भेगा नसलेली काठी निवडणे श्रेयस्कर होय. दोन पेरांमधील कांडे पोकळ असले, तरी पेराच्या ठिकाणी आत पडदा असतो. यास्तव खुंटी पेराच्या लगेच वर ठोकावी, म्हणजे भार पेरावर येतो व चीर खाली उतरत नाही. काठीचे खालचे टोकही पेराखाली थोडे अंतर सोडून कापतात. तसे केल्याने टोक फुटत नाही व पोकळीत चिखल भरत नाही. काठीचा बुंध्याकडील जाड भाग नेहमी खाली ठेवतात.

आधाराची उंची : निवडीतील ही सर्वांत महत्त्वाची बाब होय. पायांची लांबी ७० सेंमी. असलेल्या मुलाने ३५ सेंमी. उंचीच्या गेडीचा वापर केल्यास त्याच्या पायांची परिणामी लांबी दीडपट होते आणि पाय तेवढ्याच कोनात उघडूनही पाऊल दीडपट लांब पडते. उंच गेडीचा वेग व आकर्षण यांचे मूळ येथे आहे. परंतु शरीराचा गुरुत्वमध्यही तितकाच वर जातो, तर टेकण्याची जागा केवळ दोन लहान टोकांपुरती उरते. पडण्याची उंची दुप्पट झाली की आघाताची ऊर्जाही दुप्पट होते. नवशिक्यासाठी २० ते ३० सेंमी. उंची पुरेशी असते. न थांबता वळता येऊ लागल्यावर ती ४५ ते ६० सेंमी.पर्यंत वाढविता येते. त्याहून उंच गेडी मुरलेल्या खेळाडूलाच पेलते. एकाच काठीवर वेगवेगळ्या पेरांशी खुंटीची जागा बदलत गेल्यास कौशल्याबरोबर उंचीही वाढविता येते व दरवर्षी नवी काठी तोडावी लागत नाही.

लांबी व जाडी : आधारावर उभे राहिल्यावर काठीचे वरचे टोक खांद्याच्या बरेच वर यावे. टोक छातीच्या अथवा हनुवटीच्या उंचीवर आल्यास तोल जाताना ते काखेत किंवा चेहऱ्यावर लागण्याचा धोका असतो. चालताना प्रत्येक पावलास सर्व भार एकाच काठीवर येत असल्याने जाडी संपूर्ण वजनास पुरेल अशी असावी लागते. भरीव काठीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. ३ सेंमी. ऐवजी ४ सेंमी. व्यासाची काठी घेतल्यास ताठपणा तिपटीहून अधिक होतो, वजन मात्र पावणेदोन पटींच्या सुमारास वाढते. असे असले, तरी जाड काठी नेहमीच चांगली असे नाही. सव्वादोन मी. लांबीची, ४ सेंमी. व्यासाची भरीव काठी सुमारे २ किग्रॅ. भरते आणि आठनऊ वर्षांच्या मुलाला ती शंभर पावलांतच दमविते. दमलेला हात काठी वेळेवर उचलत नाही, आणि बहुतेक पडणे तेथूनच सुरू होते.

जमिनीचा विचार : ३० किग्रॅ. वजनाचे मूल ४ सेंमी. व्यासाच्या टोकावर उभे राहिले, तर दर चौ. सेंमी.वर सुमारे २·४ किग्रॅ. दाब पडतो, अनवाणी पावलाखाली तो याच्या सुमारे अष्टमांश असतो. म्हणजेच गेडी चिखलावर तरंगत नाही. ती चिखल भेदून खालच्या टणक थराला टेकते व पाय वरच्यावर कोरडे राहतात. यावरून तिची उपयुक्तता व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. वीतभर चिखलाखाली घट्ट मुरूम असलेल्या गावरस्त्यावर गेडी उत्तम चालते. परंतु धानाच्या बांधीतील खोल गाळात ती रुतून बसते व उपसताना तोल जातो. खडकाळ अथवा शेवाळलेल्या जागी आणि सिमेंटच्या ओल्या रस्त्यावर टोक घसरते.

स्कीशी तुलना : बर्फाच्छादित प्रदेशांत वापरावयाच्या स्कीमागे याच्या नेमके उलट तत्त्व आहे. १७० सेंमी. लांब व सरासरी ८ सेंमी. रुंद अशा स्कीच्या जोडीवर ७० किग्रॅ. वजन विभागले गेले, की दर चौ. सेंमी.वर सुमारे २६ ग्रॅ. एवढाच दाब राहतो व मनुष्य हिमात रुतत नाही. तत्त्वे भिन्न असली, तरी निवडीची रीत दोहोंत समान आहे. वळणावळणांच्या स्लॅलम शर्यतीत पुरुषांच्या स्कीची लांबी किमान १६५ सेंमी. असावी लागते, तर सरळ वेगाच्या डाउनहिल शर्यतीत किमान २१८ सेंमी. वळणासाठी आखूड व वेगासाठी लांब हाच नियम गेडीलाही लागू पडतो. एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. स्कीत बूट पट्टीला जखडलेला असतो व पडताना तो सुटावा म्हणून विशिष्ट यांत्रिक बंध वापरावा लागतो. गेडीत पाय बांधलेला नसतो. तोल जाताच काठ्या सोडून खाली उतरता येते. म्हणून पाऊल दोरीने गेडीला बांधणे धोक्याचे आहे.

चालीनुसार प्रकार : नित्य चालण्यासाठी मध्यम उंचीची व थोडी जाड गेडी घेतात. शर्यतीसाठी हलकी, सरळ व पावलांची लांबी वाढविणारी, परंतु धावणाऱ्याच्या ताब्यात राहील इतक्याच उंचीची गेडी योग्य ठरते. नृत्यात एका गेडीवर उड्या मारणे, गिरकी घेणे व ताल धरणे अभिप्रेत असल्याने आधार कमी उंचीवर, काठी बळकट व बांधणी पक्की असावी लागते. बस्तरच्या मुरिया तरुणांचे गेडीनृत्य प्रसिद्ध आहे. जोडीतील दोन्ही काठ्या वजनाने, जाडीने व लवचिकतेने सारख्या असाव्यात, हा नियम सर्व प्रकारांना समान आहे. त्यासाठी एकाच बेटातील समवयस्क काठ्या घेणे सोयीचे असते.

इतर देशांतील प्रकार : जपानमधील ताकेऊमा ही बांबूची, हातांनी धरावयाची गेडीच होय; या नावाचा अर्थ ‘बांबूचा घोडा’ असा आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लांद या दलदलीच्या प्रदेशात मेंढपाळ पायांना बांधलेल्या उंच काठ्यांवरून कळप राखीत असत. त्या प्रदेशातील सिल्व्हँ दोर्नाँ हा १८९१ मध्ये पॅरिसहून मॉस्कोपर्यंत अशा काठ्यांवरून ५८ दिवसांत चालत गेला. १८५७ च्या कायद्याने तेथील सामाईक जमिनींचा निचरा करून पाइनची लागवड सुरू झाली. चराऊ जमीन गेली, तशी मेंढपाळांची ही चालही व्यवहारातून गेली. बेल्जियममधील नामूर येथील काठ्यांवरील झुंजीचा समावेश युनेस्कोने २०२१ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. छत्तीसगढमध्ये २०२२ साली सुरू झालेल्या ग्रामीण क्रीडास्पर्धांत गेडीच्या शर्यतीला स्थान देण्यात आले.

बांबूवरील हक्क व गेडीचे भवितव्य : मुलाच्या गेडीला दोन चांगल्या काठ्या लागतात, परंतु त्या कोणी व कोणत्या अधिकाराने तोडावयाच्या, हा प्रश्न या जिल्ह्यांत दीर्घकाळ साधा नव्हता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचाही समावेश होता. या जंगलांतील बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीचा प्रमुख कच्चा माल बनला. ग्रामस्थांना तो निस्तार हक्काखाली मर्यादित प्रमाणात मिळत असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरविले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ मध्ये तेथील ग्रामसभेकडे बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार आला. २०१७ च्या दुरुस्तीने वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही स्थापन झाले आहे.

हक्क मिळाला म्हणजे गेडी टिकेलच असे नाही. गावांतील रस्ते पक्के होत आहेत व चिखलाची गरज उरलेली नाही, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र बेटातील कोणती काठी तीन वर्षांची, कोणती कोवळी, कोणती कापावी व कोणती राखावी, पेर कोठे आहे व भार कोठे येईल, हे ज्ञान मुलांना वडीलधाऱ्यांबरोबर बेटाशी जाऊन, स्वतःची गेडी स्वतः निवडताना मिळत असे. ज्या ग्रामसभांकडे आता बांबूच्या बेटांची राखण आली आहे, त्यांना पुढील पिढीत नेमक्या याच पारखीची आवश्यकता आहे. या दृष्टीने गेडी हा केवळ श्रावणातील खेळ नसून वनाच्या व्यवस्थापनाचा पहिला पाठ ठरतो.