आजीला कळेल अशी शाळा

आमच्या भिशीत उन्हाळा आला की विषय ठरलेला. शाळा! कुणाचा नातू, कुणाची भाची, कुणाचं शेंडेफळ कुठे घातलं याची चर्चा चहा यायच्या आधीच सुरू होते. परवा एकीने दुसरीला विचारलं, "मग काय, कॉन्व्हेंटला घातलंस की मराठीत?" मी मध्येच बोलून गेले, "अगं, कॉन्व्हेंटची शाळा मराठीसुद्धा असते." सगळ्या हसल्या. "काहीतरीच काय!"

त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या महाड-पोलादपूरकडे कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, टाय, बूट आणि घरात आईची ‘मम्मी’ होणं. जिथे एकही सिस्टर नाही, जवळपास चर्चही नाही, अशा शाळेलाही आपण बिनदिक्कत कॉन्व्हेंट म्हणतो. मीही म्हणायचे. वसईला जाऊन येईपर्यंत.

माझी बी.ए.ची वर्गमैत्रीण लग्न होऊन वसईला गेली. डी.एड. झालेली होती, तिथल्या एका चर्चच्या प्राथमिक शाळेत लागली, त्याला वीस वर्षं होऊन गेली. ती हिंदू, शाळा कॅथलिक, शिकवणं मराठीतून, आणि यात तिथे कुणालाच काही वेगळं वाटत नाही. दरवर्षी म्हणायची, "डिसेंबरात ये, आमचं संमेलन बघ." शेवटी एकदा वीर स्टेशनवरून दिव्याची गाडी धरली आणि दिव्याहून वसई गाठली.

स्टेशनच्या पश्चिमेला बस थोडी आत शिरली आणि मला वाटलं, मी फिरून कोकणातच आले की काय. नारळ, केळीच्या बागा, पानवेली, विहिरी. काही घरांसमोर तुळशीवृंदावन, काही घरांसमोर क्रूस, तोही तसाच चौथऱ्यावर आणि तशीच ताजी फुलं वाहिलेला. रस्त्यात लाल लुगडं नेसलेली एक आजी भेटली. मला वाटलं, आपल्याकडचीच कुणी असेल. मैत्रिणीने हात केला, "काय मावशी, मिस्साला का?" तेव्हा कळलं.

सकाळी शाळेत गेले. परिपाठ आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो तोच. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, दिनविशेष. प्रार्थना मात्र आलटून पालटून. एक दिवस ख्रिस्ती गीत, एक दिवस साने गुरुजींची प्रार्थना. पेटीवर बसल्या होत्या एक वयस्कर सिस्टर, आणि त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. मुलं तिकडे बघून हसत होती, त्या पेटी न थांबवता डोळे वटारत होत्या.

परिपाठानंतर तिसरीच्या वर्गात गोठ्याचं काम चाललं होतं. नाताळचा गोठा, येशूच्या जन्माचा. आपण दुकानात बघतो तो थर्माकोलचा नव्हे. मुलांनी घरून पेंढा, करवंट्या, सुकलेली केळीची पानं आणली होती. मला गंमत वाटली ती हिरवळीची. दहा-बारा दिवस आधी वाट्या-ताटल्यांत माती घेऊन नाचणी पेरली होती, ती छान बोटभर उगवली होती. ती गोठ्यासमोर मांडली की झालं शेत! मी म्हटलं, "अरे, हे तर आमचं नवरात्रातलं रुजवण!" एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "बाई, आमच्या शेजारच्या काकूंकडेपण असतं. पण ते देवीचं. हे मेंढ्यांसाठी."

चौथीच्या मुलांना मैत्रिणीने सांगितलं की या बाई महाडहून आल्यात. एकदम हात वर झाले. "चवदार तळं!" पुस्तकातलं प्रत्यक्ष ओळखीचं निघालं म्हणून मुलं खूश. एकाने विचारलं, "तळं अजून आहे?" मी म्हटलं, आहे तर, अगदी गावात आहे आणि दर २० मार्चला तिथे माणसांचा पूर येतो. मग त्यानेच विचारलं, "तुमच्याकडे नाताळ असतो का?" काय सांगावं? आमच्याकडे २५ डिसेंबर म्हटलं की आठवतं ते १९२७ सालचं मनुस्मृतीचं दहन. तेच सांगितलं. माणसामाणसांत उच्चनीच सांगणारं पुस्तक बाबासाहेबांच्या त्या परिषदेत जाळलं, म्हणून आम्ही तो दिवस विसरत नाही. मुलं शांत ऐकत होती. मागून एकाचा आवाज आला, "म्हणजे सुट्टीच्या दिवशीच केलं." सुट्टीचा हिशेब आधी. मुलं ती मुलंच!

या शाळेत एक मुठीचा डबा असतो. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या ४० दिवसांत, ज्याला जमेल त्याने घरून मूठभर तांदूळ आणायचे. डब्यावर नाव नाही, कुणी किती टाकले याची वही नाही. ते गोळा झालेले तांदूळ गरज असलेल्या घरी जातात. कुणाच्या घरी, ते मुलांना सांगत नाहीत, कारण ते घर त्याच वर्गातल्या एखाद्याचंही असू शकतं. सिस्टरनी सांगितलं, मुलांनी मुलांसाठी काही करावं ही कल्पना बरीच जुनी. १८४३ मध्ये फ्रान्समधल्या नॅन्सीच्या बिशपांनी, फोर्बिन-जान्सन त्यांचं नाव, मुलांना सांगितलं होतं, महिन्याला एक लहानसं नाणं आणि रोज एक छोटी प्रार्थना दूरच्या मुलांसाठी द्या. त्याची पुढे जगभर पसरलेली संस्था झाली. मला आवडली ती नाव न लिहिण्याची रीत. आपल्याकडे पाचशे रुपयांच्या वह्या वाटतात आणि हजाराचा बॅनर लावतात.

संध्याकाळी मैदानात संमेलन. पहिल्या दोन रांगा आजी-आजोबांच्या, पाहुणे त्यांच्या मागे. लाल लुगड्यांची रांगच्या रांग. जुलैत इथे आजी-आजोबांचा दिवसही करतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैतला चौथा रविवार त्यांच्यासाठी ठरवून दिला, त्याच्या आसपास.

नाटुकलं होतं संत गोन्सालो गार्सियांचं. हा वसईचाच मुलगा. सोळाव्या शतकात इथे जन्मला, आई इथली, वडील पोर्तुगीज. जेझुइट धर्मगुरूंकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी बोलायला शिकला आणि पुढे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचा दुभाषा झाला. १५९७ मध्ये नागासाकीला २६ जणांना क्रूसावर चढवलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं, भारतातला पहिला संत. मुलांनी यातलं सगळ्यात काय रंगवलं असेल, तर दुभाष्याचं काम! जपानी राजा झालेला मुलगा तोंडाला येईल ते बोलत होता, गोन्सालो त्याचं मराठी करत होता, आणि त्याची आई झालेली मुलगी ते ऐकून सामवेदीत उत्तर देत होती. पुढच्या रांगेतल्या आज्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला निम्मंच कळलं, शेजारी बसलेल्या बाई अर्थ सांगत होत्या.

ही सामवेदी, तिलाच कादोडीही म्हणतात, वसईतल्या काही गावांची घरातली बोली. तिथले हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही ती बोलतात. दुसरीकडे वाडवळी. म्हणजे मूल घरून एक बोली घेऊन येतं आणि शाळेत मराठी लिहायला शिकतं. आपल्याच रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला तर पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली भाषा कॅथलिक घरांतून अजून बोलतात. ‘नो लिंग’ म्हणतात तिला, म्हणजे ‘आपली भाषा’. ती मुलंही मराठी शिकतात ती शाळेत. तेव्हा मराठी हीच कुणाकुणाची ‘बाहेरची’ भाषा असते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. फक्त ती इतकी जवळची बाहेरची की आजीला ती परकी वाटत नाही.

मराठी आणि चर्च यांचं नातं तसं जुनं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्याला आलेला माणूस. त्याने येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली, जवळजवळ अकरा हजार ओव्या. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापलं. पण मिस्सा मात्र लॅटिनमध्येच व्हायची. १९६२ ते ६५ मध्ये रोमला मोठी धर्मपरिषद झाली, त्यानंतर लोकांच्या भाषेत प्रार्थना करायची मुभा मिळाली आणि वसईची चर्चं मराठीत गाऊ लागली. ‘सुवार्ता’ मासिक त्याआधीच, १९५५ पासून निघत होतं. नंदाखालच्या चर्चच्या मराठी शाळेत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे त्याचे संपादक झाले, त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. अशा शाळांतून काय घडत होतं, ते एवढ्यावरून कळावं.

रात्री जेवताना मैत्रीण जरा गप्प होती. मग म्हणाली, "तुला संमेलन भरलेलं दिसलं ना? दोन्ही माध्यमांचं एकत्र असतं म्हणून. माझ्या पहिलीच्या वर्गात ये उद्या." गेले. मागची बाकं भिंतीला लावून ठेवलेली. पट बोटांवर मोजावा इतका. त्यांतही पूर्वेकडच्या पाड्यांवरून आलेली मुलं, बांधकामावर आलेल्या मजुरांची मुलं. गावातल्या, आसपासच्या बागायतदारांच्या घरची फारशी नाहीत. ती त्याच आवारात, पलीकडच्या इमारतीत, इंग्रजी वर्गात. तिने सांगितलं, "अगं, फादर प्रवचनात सांगतात मराठीत घाला म्हणून. लोक मान डोलावतात आणि फॉर्म पलीकडचा भरतात. आता गायनमंडळात पोरं येतात ना, त्यांना गीताचं पुस्तक वाचता येत नाही. इंग्रजी अक्षरांत लिहून द्यावं लागतं."

मला हसायचा अधिकार नव्हता. माझ्या मुलाला मी इंग्रजी शाळेतच घातलं होतं. तेव्हा सगळेच घालत होते. त्याच्या पहिल्या संमेलनाला सासूबाई नवं नऊवारी नेसून, केसांत अबोली माळून आल्या होत्या. दोन तास बसल्या. सूत्रसंचालन इंग्रजी, नाटक इंग्रजी, पाहुण्यांचं भाषणही इंग्रजी. मुलगा झाड झाला होता, एक वाक्य होतं त्याला. येताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाला गं तो?" मी सांगितलं. पुन्हा कधी त्या संमेलनाला आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या. गुडघे दुखतच होते म्हणा त्यांचे, पण पालखीबरोबर मात्र गावभर चालायच्या.

इंग्रजी नकोच, असं म्हणायला मी धजणार नाही. ज्यांची मुलं इंग्रजी शिकून नोकरीला लागली त्यांनी इतरांना मराठीचे गोडवे सांगावेत, हा प्रकार मला आवडत नाही. गोव्यात तर यावरून केवढं रण माजलं. १९९० मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळांना अनुदान फक्त कोकणी-मराठीला. तेव्हा चर्चच्या शाळा इंग्रजी सोडून देवनागरी कोकणीत शिकवू लागल्या. वीस वर्षं शिकवलं. पालक कुरकुरत राहिले, आणि २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान मिळताच शाळा पुन्हा तिकडे वळल्या. त्याविरुद्धच्या मंचाच्या पुढे उभ्या होत्या शशिकलाताई काकोडकर, गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. पण समोर होते ते पालकच, मुलांची काळजी असलेले आईबाप. दोष कुणाला द्यायचा?

आमच्याकडे पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत हेच वेगळ्या रूपात चाललंय. नवरा मुंबईला, सासूसासरे वाडीत, आणि सून तालुक्याला एका खोलीत भाड्याने. का, तर लेकराची इंग्रजी शाळा. आमच्या एका बचत गटाची सचिवच अशी गेली. खोलीचं भाडं, शाळेची फी, ट्यूशन, आणि दिवसभर करायला काही नाही. गावी असती तर नाचणी लावली असती, कोंबड्या पाळल्या असत्या. वाडीतल्या शाळेत उरतात चार-पाच मुलं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा ओरड झाली. पण पट कमी कसा झाला? खोलीवर राहायला गेलेल्या त्या आमच्याच बायका ना? मी त्या सचिव मुलीला विचारलं, मुलाचा अभ्यास कोण घेतं? म्हणाली, "ट्यूशनची बाई. मला कुठे येतंय त्याचं पुस्तक वाचायला." बारावी झालेली मुलगी ती, गटाचा जमाखर्च बिनचूक लिहायची.

हे सगळं मी भिशीत सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की वसईला चर्चची मराठी शाळा मी डोळ्यांनी बघितली. एकीने लगेच विचारलं, "मग तिथे प्रवेश सहज मिळत असेल?" मी म्हटलं, "हो, जागाच जागा आहे."

मैत्रिणीचा परवा फोन आला होता. नवं वर्ष सुरू झालंय, पहिलीत एक मुलगी आली आहे, पाड्यावरची. तिची आई रोज बाकावर तिच्याशेजारी बसते, कारण मुलगी एकटी बसत नाही. चार दिवसांनी आईनेच पाटी मागून घेतली म्हणे. मैत्रीण म्हणाली, "आता माझ्या पटावर एक नाव कमी आहे, पण वर्गात एक जास्त आहे. त्या दोघींना नाचणीची वाटी एकच देऊ की दोन?"