भाडं महिन्याला, पैसा सुगीला

मराठवाड्यात, मुखेड तालुक्यातल्या शेतकरी घरात जून हा खर्चाचा महिना. मृगाचा पाऊस पडला की बियाणं-खतं लागतात आणि त्याच दिवसांत पोरांच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. त्यावर लातूरच्या नाहीतर पुण्याच्या खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं. सोयाबीन हाती येतं दसरा-दिवाळीच्या सुमारास, तूर त्याच्याही नंतर. घरमालकाचं भाडं दर महिन्याला, शेतकऱ्याचा पैसा मात्र सुगीला. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाचा हिशेब बहुधा इथंच अडतो.

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची पोरं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन राहतात. हिशेबापुरते कॉटचे ३,५०० रुपये धरू. मेसचे ३,५००, अभ्यासिकेचे १,०००, लाइटबिल आणि किरकोळ ५००. महिन्याचे ८,५००, वर्षाचे १,०२,०००. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो पुरता पदरात पडला तरी या खर्चाला १९ क्विंटलांहून जास्त सोयाबीन लागतं. एकरी सहा क्विंटल उतारा धरला तर तीन एकरांहून अधिक रानातलं पीक, तेही लागवडीचा खर्च वजा न करता. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव परिसरात पुराचं पाणी घराघरांत शिरलं, पिकं गेली. अशा वर्षी भाडं उसनवारीवर जातं.

लातूर त्या मानानं जवळ. १९७० साली सुरू झालेलं राजर्षी शाहू महाविद्यालय आणि शहरातले क्लासेस ‘लातूर पॅटर्न’ या कसून अभ्यास करून घेण्याच्या पद्धतीमुळे मराठवाडाभरातली मुलं ओढून घेतात. कित्येक घरांत आई मुलासोबत खोली करून राहते. मेसचे पैसे वाचतात, पण दुसरं गॅस कनेक्शन आणि दुसरा किराणा सुरू होतो. शिवाय रानात तिच्या जागी मजूर लावावा लागतो. ती मजुरीही खोलीच्याच खात्यावर मांडायला हवी. आई सोबत नसेल तर काही जण गावाहून एसटीनं डबा मागवतात.

आणि पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. इथं खोली बघताना बोअर किती दिवस चालतो आणि टँकरचे पैसे कुणी द्यायचे, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं.

सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तमच. ती न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. दोन्ही योजनांत पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यातले ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे, ८,००० निर्वाहाचे. निवासाचे महिन्याला पडतात साधारण १,६६६, म्हणजे वरच्या हिशेबातल्या कॉटच्या निम्म्याहूनही कमी. रक्कम खात्यात येते ती अर्ज मंजूर झाल्यावर. त्यामुळे जूनचं डिपॉझिट घरूनच भरावं लागतं.

म्हणून आडतीवरून सोयाबीनची पट्टी हाती आली की बियाण्याच्या पैशाबरोबरच पुढच्या जूनपर्यंतचं भाडं बाजूला काढलेलं बरं. कागदपत्रांकडेही लक्ष हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. भाड्याची पावती मागणं हा भाडेकरूचा हक्क आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मुलं गावी, सामान पुण्यात आणि भाडं चालू, अशी अनेकांची अवस्था झाली. त्या एप्रिलमध्ये गृहनिर्माण विभागानं भाडेवसुली तीन महिने पुढे ढकलण्याच्या सूचना दिल्या. भाडं माफ केलं नव्हतं. त्यामुळे डिपॉझिट देण्याआधीच तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात: खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं, डिपॉझिटमधून काय काय कापणार, आणि सुट्टीत गावी गेल्यावर किती भाडं लागणार.