गाडी तपासली, कागद कोणी तपासले?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरात मोरे चौकाच्या आतल्या गल्ल्यांमधून चालताना दारांपुढच्या गाड्यांच्या नंबर प्लेटा वाचाव्यात. इथल्या एमएच 20 च्या शेजारी परभणीची 22, बीडची 23, बुलढाण्याची 28, वाशिमची 37 आणि मधूनच बीआर किंवा यूपीने सुरू होणारी. 1985 मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग लहान-मोठे व्हेंडर आले आणि त्यांच्या भोवती बाहेरून आलेल्यांची ही वस्ती वाढली. शिफ्टच्या वेळा आणि रिक्षाच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून इथे पाय रोवणाऱ्याची पहिली मोठी खरेदी बहुधा सेकंड हँड दुचाकी असते. बायको-मुलं गावाहून आली की मग जुन्या चारचाकीचा विचार सुरू होतो.

गाडी बघायला जाताना जाणकारांची उणीव नसते. रूम पार्टनर असेंब्ली लाइनवर, शेजारचा क्वालिटीत, गाववाला एखाद्या वर्कशॉपमध्ये. सायलेन्सरच्या निळसर धुरावरून इंजिन तेल खातंय हे ते ओळखतात, पुढच्या शॉकअपवर बोट फिरवून गळती सांगतात, चेन ओढून स्प्रॉकेट किती झिजलंय ते दाखवतात. इंजिन तपासणारे इतके हात एका गल्लीत क्वचितच कुठे मिळत असतील. कागद मात्र एजंट बघतो आणि तो एजंट विकणाऱ्याने आणलेला असतो. नवखा माणूस फसतो तो इथे.

पैसे दिले, किल्ली घेतली, स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की गाडी आपली झाली असा समज पक्का आहे. कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. त्यासाठीच फॉर्म 29 आणि 30. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. मोटार एकामागून एक हात बदलत गेली, नाव मात्र पहिल्याच मालकाचं राहिलं आणि मग अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर टाकली. विकणाऱ्याने हे वाचलं तर नाव बदलून द्यायची घाई तोच करेल.

घेणाऱ्याचं नुकसान वेगळं आणि माझ्या मते जास्त क्रूर. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर पुढे जातो, पण पॉलिसीवर आपलं नाव लावायला 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप पुढे जात नाही. नो क्लेम बोनस तर माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तो जुन्या मालकाकडेच राहतो. पॉलिसीत 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, तेही नोंदीतल्या मालकालाच आणि लायसन्स असेल तरच. रात्रपाळीहून परतताना ट्रकने उडवलेल्या कामगाराच्या घरच्यांना केवळ आरसीवर दुसऱ्याचं नाव आहे म्हणून त्या रकमेवर हक्क सांगता येत नाही. नावावर करून घ्यायचा खर्च वाचवताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

मग लोक नावावर का करून घेत नाहीत? आळस हे थोड्यांचं कारण. मोठी अडचण पत्त्याची. आधार गावाकडचं आणि इथे रूम तोंडी बोलीवर. परभणीच्या माणसाचं निभावतं, कारण 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओकडे नोंदणी करायची मुभा कायद्याने दिली आहे. बिहारहून आलेल्याला मात्र इथला पत्ता दाखवावाच लागतो. तो भाडेकरारातून मिळतो आणि घरमालक करार करून द्यायला तयार नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. कसूर केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नसल्यामुळे कित्येक जण गाडी मित्राच्या, सुपरवायझरच्या, कधी घरमालकाच्याच नावावर घेतात. हप्ते आपण भरायचे आणि मालक दुसरा. मैत्री असेल तोवर ठीक. हे कोणीही करू नये.

गावाकडची गाडी रेल्वेने आणली असेल तर पहिल्याच दिवशी घाबरायचं कारण नाही. परराज्यातली गाडी इथे 12 महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तेव्हा नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणि इथला कर लागतो. म्हणून परराज्याच्या नंबरची स्वस्त गाडी कोणी दाखवली तर किमतीत हा कर मिळवूनच तुलना करावी.

तपासणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुचाकीच्या हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर चेसिस नंबर ठोकलेला असतो. ग्रीस पुसायचं, पातळ कागद दाबून धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. आकडे कागदावर उमटतात. नाव बदलायच्या अर्जाला ही चेसिस प्रिंट लागतेच. ती सौदा ठरण्याआधी स्वतः घ्यावी आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहावी. एखादा आकडा वाकडा, खरवडलेला किंवा नवा ठोकल्यासारखा दिसला तर तिथूनच परत फिरावं. एमपरिवहन अॅपवर गाडीवरचा बोजा, विम्याची मुदत आणि ई-चलन दिसतं. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय इसार देऊ नये. डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र मागावं. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना ते बंधनकारक आहे. सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी फिरवणारा माणूस म्हणजे डीलर नव्हे.

इथून जर्मनीला गेलेल्या इंजिनिअरलाही हाच रस्ता चालावा लागतो. आधी पत्त्याची नोंद, मग विमा कंपनीचा क्रमांक, मग नंबर प्लेट. भारतीय लायसन्स तिथे सहा महिनेच चालतं. जर्मनीत पत्ता आणि विमा नसेल तर गाडी नावावर लागतच नाही, त्यामुळे चुकायला जागा थोडी. आपल्याकडे किल्ली आधी मिळते, नाव नंतर लागतं आणि मधल्या दिवसांत गाडी रस्त्यावर धावत असते.

छत्रपती संभाजीनगरातच 2010 मध्ये व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम 150 मर्सिडीज घेतल्या, सुमारे 65 कोटींचा सौदा केला आणि बँकेकडून व्याजही कमी करून घेतलं. कामगारांना मर्सिडीज नको आहे. पण त्यांची संघटना किंवा कंपनीचा एचआर विभाग पत्त्याच्या दाखल्यासाठी घरमालकांशी बोलू शकतो, आरटीओचं शिबिर वस्तीत मागू शकतो. हे व्हायला हवं आणि ते अवघड नाही.

तोवर एक पथ्य सगळ्यांना पाळता येतं. पूर्ण रक्कम एकदम देऊ नये. काही हजार रुपये मागे ठेवावेत, तसं लेखी ठरवावं आणि आरसीवर मालक म्हणून आपलं नाव लागलं, त्या दिवशी ते चुकते करावेत.