सहा ऐकू आले की दहा? – गावच्या प्रसारणासाठी आवाजाचा मिक्सर



मिक्सर म्हटले की घरच्या मंडळींना चटणी-मसाल्याचे भांडे आठवते. आज सांगायचे आहे ते वेगळ्या मिक्सरविषयी. लग्नाच्या मांडवात किंवा सप्त्याच्या मंडपात स्पीकरवाल्याच्या पुढे बटणांची एक फळी असते, ती तुम्ही पाहिली असेल. तोच हा आवाजाचा मिक्सर. तो संगणकाला जोडला म्हणजे गावातल्या वाचनालयाच्या खोलीतून बोललेले इंटरनेटवरून कोठेही ऐकू जाते. शेतावर, वाडीवस्तीवर, पुण्या-मुंबईला नोकरीस असलेल्या मुलापर्यंतही.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? मोबाइल हातात धरला आणि बोलले की झाले! बरीच गावे, शेतकरी गट आणि बचत गट तसे करतातही. पण ते ऐकायला कसे असते? वर पंखा घरघरत असतो, रस्त्याने ट्रॅक्टर जातो, बोलणारा फोनपासून चार हात लांब असतो. अर्धे कळते, अर्धे अंदाजाने घ्यावे लागते.

गप्पागोष्टी असतील तर अंदाजाने चालेल. औषधाच्या मात्रेचे तसे चालत नाही. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचेच घ्या. ही अळी आपल्या देशात २०१८ मध्ये आली. तिच्यासाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के दाणेदार हे औषध लिटरला ०.४ ग्रॅम सांगतात. म्हणजे १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ६ ग्रॅम. आता 'सहा' आणि 'दहा' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. फरक फक्त पहिल्या अक्षराचा आहे. त्यातही 'स' हा आवाज बारीक आणि उंच पट्टीचा. साध्या फोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो आणि 'स'चा बराचसा भाग त्याच्या वर असतो. म्हणून खराब आवाजात पहिल्यांदा बळी जातो तो 'स'चा. सांगणाऱ्याने सहा सांगितले आणि ऐकणाऱ्याने दहा टाकले, तर मात्रा दीडपटीहून जास्त झाली. पैसा गेला, पिकाला धोका झाला आणि फवारणाऱ्याच्या जिवाला घोर लागला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विष किती जवळ असते हे त्यानंतर वेगळे सांगायला नको. तेव्हा स्वच्छ आवाज ही चैनीची बाब नाही.

ऐका, चर्चा करा, कृती करा

शेतीची माहिती आवाजातून देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांमध्ये श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्याचे सूत्र होते. प्रश्न गावाचा असला तरी बोलणारे केंद्र मात्र शहरात होते.

पुढे २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे माणदेशी तरंग वाहिनी अशीच उभी राहिली. मात्र त्यासाठी परवाना लागतो, मनोरा लागतो आणि आवाजही ठरावीक अंतरापर्यंतच जातो. इंटरनेटच्या प्रसारणात हवेतील लहर वापरावी लागत नाही, त्यामुळे मनोराही नको. बरा संगणक, फोनचे बऱ्यापैकी नेट आणि एक मिक्सर एवढ्यावर काम होते.

मिक्सर म्हणजे पाण्याचे वाटप

बटणे पाहून घाबरू नका. शेतातल्या पाण्याशी ताडून पाहिले की सारे उलगडते. प्रत्येक माईक म्हणजे एक विहीर समजा. त्या विहिरीचे पाणी ज्या पाइपातून येते ती मिक्सरवरची एक उभी रांग. रांगेत सगळ्यांत वर 'गेन'चे बटण असते. ही विहिरीवरची मोटर. विहीर खोल असेल, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज हळू असेल, तर जास्त जोर लावावा लागतो. रांगेच्या तळाशी सरकती दांडी किंवा गोल बटण असते, तो कॉक. कोणत्या विहिरीचे पाणी किती सोडायचे ते येथे ठरते. साऱ्या रांगा शेवटी एका मुख्य पाइपाला मिळतात. तेथून आवाज संगणकाकडे जातो.

मधली बटणे आवाजाचा पोत बदलणारी. मांडववाले ज्याला बास आणि ट्रेबल म्हणतात तीच ही. बऱ्याच मिक्सरवर 'लो कट' नावाचे बटण असते. ते दाबले की साधारण १०० हर्ट्‌झच्या खालची घरघर गाळली जाते. पंख्याची, ट्रॅक्टरची, टेबलाला हात लागल्याची धडधड कमी होते. बोलण्यासाठी ते दाबलेलेच ठेवावे. ट्रेबल थोडा वाढविला तर 'स' उठून येतो. फार वाढविला तर मात्र सापाच्या फुत्कारासारखा कानाला लागतो.

काय घ्यावे?

दोन माईकची सोय असलेला, संगणकाला थेट यूएसबी वायरने जोडता येणारा लहान मिक्सर गावाच्या कामाला पुरतो. काही हजार रुपयांत तो मिळतो. शोभेपायी मोठी फळी घेऊ नका. दोन एकराला दहा अश्वशक्तीची मोटर कोणी बसवीत नाही.

माईक डायनॅमिक जातीचा घ्यावा. कीर्तनकार आणि गायक हातात धरतात तो बहुधा याच जातीचा असतो. तो जवळचे ऐकतो आणि लांबचा गलका फारसा ओढीत नाही. कंडेन्सर जातीचा माईक अधिक नाजूक असतो. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टची वीज द्यावी लागते आणि तो कोंबड्याचे आरवणेही टिपतो. बंद, शांत खोली नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

यांशिवाय कान झाकणारा एक हेडफोन हवाच. जो मिक्सर सांभाळील त्याने तो सतत कानाला लावावा. चाखल्याशिवाय मीठ कळत नाही, तसे ऐकल्याशिवाय आवाज कळत नाही.

जोडणी

माईकची तीन पिनांची वायर मिक्सरला लावावी. मिक्सर यूएसबी वायरने संगणकाला जोडावा. मग संगणकाच्या आवाजाच्या मांडणीत, आवाज आत घेण्याच्या ठिकाणी, मिक्सरचे नाव निवडावे. हे विसरले तर संगणक स्वतःच्या अंगातला बारीक माईकच वापरतो आणि नव्या मिक्सरचा काही उपयोग होत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. मिक्सरचा माईक बंद करून बोला. तरी पट्टी हलली तर संगणक भलतीकडून ऐकतो आहे.

घरी जुना, यूएसबी नसलेला मिक्सर असेल तर त्याची बाहेर जाणारी वायर लॅपटॉपच्या हेडफोन-माईकच्या भोकात घालू नये. ते भोक माईकच्या बारीक धारेसाठी असते. मिक्सरमधून येणारी धार तिच्या कितीतरी पटींनी मोठी असते. आवाज फाटतो. त्याऐवजी लाइनची सोय असलेले बाहेरचे लहान साउंड कार्ड मध्ये बसवावे.

संगणकातून मिक्सरकडे परत येणारा आवाज फक्त हेडफोनमध्ये घ्यावा. तो मुख्य पाइपात सोडला तर गेलेले पाणी पुन्हा विहिरीत पडून फिरत राहावे तसे होते, आणि श्रोत्याला एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतो. खोलीतला स्पीकरही बंद ठेवावा. नाहीतर मांडवात वाजते तीच शिट्टी वाजू लागते.

आवाजाची पातळी

बोलणाऱ्याने माईकपासून चार बोटे ते एक वीत अंतरावर, तोंड किंचित बाजूला ठेवून बोलावे. समोरासमोर बोलले की 'फवारणी' आणि 'फुलकिडे' यांतला 'फ' माईकवर फुंकर मारतो.

त्याने नेहमीच्या आवाजात बोलत राहावे आणि दुसऱ्याने गेन हळूहळू वाढवावा. संगणकावरची पट्टी मोठ्या शब्दाला उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान पोचली की थांबावे. शून्याला टेकू देऊ नये. शून्य म्हणजे बांध. त्यावरून पाणी गेले की बांध फुटतो, तसा आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट करता येत नाही. कमी असलेला मात्र थोडा वाढविता येतो.

फोनवरून प्रश्न घेताना

प्रश्नोत्तरे नसतील तर कार्यक्रमाला रंगत नाही. फोन वायरने मिक्सरच्या एका रांगेत जोडता येतो. मात्र एक काळजी घ्यावी. फोनवरच्या माणसाला आपले बोलणे ऐकू गेले पाहिजे, पण त्याचे स्वतःचे बोलणे त्याच्या कानी परत जाता कामा नये. गेले तर तो गोंधळतो आणि बोलायचा थांबतो. यासाठी मिक्सरवर 'ऑक्स' नावाची वेगळी चारी असते. फोनकडे जाणारा आवाज त्या चारीतून द्यावा आणि तिच्यात सर्व माईक सोडावेत. फोनच्या रांगेचे ऑक्स बटण मात्र शून्यावर ठेवावे. मिक्सर घेतानाच ही चारी आहे ना, ते पाहून घ्यावे.

प्रसारण श्रोत्यापर्यंत पोचायला काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही लागतो. म्हणून फोन करणाऱ्याला आपल्या घरचे प्रसारण आधी बंद करायला सांगावे.

संगणकातून बाहेर

संगणकात 'बट' नावाचा किंवा 'ओबीएस स्टुडिओ' नावाचा प्रोग्राम घालावा. दोन्ही फुकट मिळतात. 'बट' फक्त आवाज पाठवितो. तो 'आइसकास्ट' जातीच्या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर म्हणजे गावची पाण्याची टाकी समजा. तुमच्याकडून टाकीत एकच पाइप जातो आणि टाकीतून कितीही घरी नळ निघतात. बोलण्यासाठी एका वाहिनीचा, सेकंदाला ६४ किलोबिटचा आवाज पुरतो. तासाला सुमारे २९ मेगाबाइट होतात. श्रोत्याच्या फोनलाही हा भार जड नाही. शंभर जण ऐकत असतील तर टाकीतून सेकंदाला ६,४०० किलोबिट बाहेर पडतात. तुमच्या गावच्या नेटवर मात्र भार तेवढाच, ६४ चा.

यूट्यूबवर पाठवायचे असेल तर 'ओबीएस'मध्ये पिकाचे एखादे स्थिर चित्र लावून आवाज सोडावा. तेथे थेट प्रसारणाची सोय पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. म्हणून कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीच ते करून ठेवावे.

वीज आणि गुणगुण

आवाजात सारखी 'हूं' अशी गुणगुण येत असेल तर संगणक आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावावे आणि त्या बोर्डाचे अर्थिंग तपासून घ्यावे. लॅपटॉपचा चार्जर काढला की गुणगुण थांबत असेल तर कारण चार्जरकडचे आहे. कार्यक्रमापुरते बॅटरीवर चालवावे. तिसरी पिन तोडून गुणगुण घालविण्याचा उद्योग कोणी करू नये, त्यात जिवाला धोका आहे. माईकची वायर विजेच्या वायरीला लागून नेऊ नये. भारनियमनाचा भरवसा नाही, म्हणून मिक्सर आणि नेटचा राउटर इन्व्हर्टरवर ठेवावे.

शेवटची गाळणी तोंडाची

यंत्र कितीही चांगले असले तरी आकडा सांगण्याची रीत नीट हवी. मी सांगतो ती अशी. मात्रा तीन वेळा, तीन तऱ्हांनी सांगावी. 'पंधरा लिटरच्या पंपाला सहा ग्रॅम. सहा, म्हणजे पाच आणि एक. दहा लिटर पाण्याला चार ग्रॅम.' एक रीत चुकीची ऐकू आली तरी दुसरीशी तिचा मेळ बसत नाही आणि ऐकणारा सावध होतो. मग हेडफोन लावलेल्याने तो आकडा आपल्या तोंडाने परत म्हणावा. शेवटी 'डब्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय झाकण उघडू नका' हे न विसरता सांगावे.

प्रत्येक कार्यक्रम संगणकात साठवून ठेवावा. कोणाला शंका आली तर काय सांगितले होते ते पुन्हा ऐकविता येते. सिनेमाची गाणी लावू नयेत, त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात. गावच्या भजनी मंडळाला बोलवा. बाया जात्यावरच्या ओव्या म्हणतील, त्या घ्या.

कामेही वाटून घ्या. एकाने बोलावे, एकाने मिक्सर सांभाळावा, एकाने फोनवरचे प्रश्न लिहून घ्यावेत. मिक्सरवर शाळा शिकलेल्या लेकीसुनांना बसवा. निंदणी, खुरपणी त्या करतात, पण शेतीची सभा चावडीवर भरते आणि त्या घरीच राहतात. चुलीजवळ फोन ठेवून त्यांनाही हा कार्यक्रम ऐकता येईल आणि आपला प्रश्न आपल्या तोंडाने विचारता येईल.

पहिले चार कार्यक्रम बाहेर न सोडता नुसते साठवावेत. मग गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या, कानाने थोड्या मंद माणसाला ते ऐकवावेत आणि मात्रा किती सांगितली ते विचारावे. त्यांनी न अडखळता 'सहा' म्हटले, की खुशाल प्रसारण सुरू करा.