प्रवाळावरची कीड : दिसत नाही म्हणजे नाही का?

कीड गेली असं नेमकं कधी म्हणायचं? घरच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांना हा प्रश्न महागात पडतो. अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळावर एक चपटा कृमी राहतो. तो प्रवाळाचंच मांस खातो आणि त्याच्याच रंगाचा दिसतो. आपल्याला दिसतात ते चावल्याचे गोल, फिकट ठिपके.

उपाय काय? टाकीतलंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्यायचं, त्यात प्रवाळांसाठी मिळणारं आयोडीनचं द्रावण बाटलीवरच्या मापाने मिसळायचं. प्रवाळ त्यात काही मिनिटं बुडवून पाण्याचा झोत मारला, की कृमी खाली पडतात. लोक म्हणतात, झालं! पण अंडी कवचात असतात, ती या द्रावणाने मरत नाहीत. बुंध्याशी, उघड्या सांगाड्यावर त्यांचे तपकिरी पुंजके असतात. ते खरवडायचे, किंवा तो भागच कापून टाकायचा. नजरेतून सुटलेली अंडी पुढे फुटतात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा बुडवायचं, निदान सहा आठवडे. पाणी थंड असेल तर अंडी उशिरा फुटतात. मग मुदतही वाढवायची.

भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे प्रमाण मानतात, पण अट घालतात : वस्तू असती तर दिसली असती, अशी स्थिती हवी. गजबजलेल्या टाकीत ती स्थिती नसते. म्हणून नवा प्रवाळ आधी वेगळ्या, मोकळ्या टाकीत ठेवा. तिथे 'दिसत नाही' या म्हणण्याला काही किंमत असते.